नेपोलियनचा नागपूरशी काय संबंध?

महात्मा फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ आम्ही बी.ए.च्या वर्गाला शिकवीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. ग्रंथ १८७३ सालचा. तो अर्पण केलेला आहे अमेरिकेतील लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडविले म्हणून. एवढे सांगून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळणार तोच मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, पुण्यातल्या माणसाला अमेरिकेतलं युद्ध इतकं जवळचं का वाटलं? अन् त्या युद्धाचा आपल्या इकडे काही परिणाम झाला होता का हो?” आम्ही ‘वैश्विक मानवतावाद’, ‘समतेची व्यापक जाणीव’ असे दोन-तीन भरीव शब्द फळ्यावर लिहिले. मुलीने ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले. तास आमच्यापैकी एकाचा होता. परंतु त्या दिवशी दुसरा वर्गावर असता तरी तिला उत्तर हेच मिळाले असते, कारण आम्हां दोघांच्या टिपणवह्या एकाच पिढीच्या आहेत.

ती मुलगी पदवी घेऊन गेली. तिचा प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही, आणि तेव्हापासून लोक जगाच्या इतिहासाविषयी जे चमत्कारिक प्रश्न विचारतात, त्यांकडे आम्ही जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो आहोत. मराठीच्या प्राध्यापकाला सर्व काही ठाऊक असते अशी आपल्या समाजाची एक भाबडी समजूत आहे. लग्नाच्या पंगतीत, सेवाग्राम एक्स्प्रेसच्या डब्यात, मोहल्ल्यातल्या गणपतीच्या मांडवात कोणीतरी आपल्याला गाठतो आणि विचारतो : शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून व्हिएतनामने अमेरिकेला हरविले हे खरे ना? व्हॅटिकन म्हणजे आपली वाटिकाच ना? आणि एकदा, एका दहावीतल्या मुलाने, पुस्तकातला नेपोलियनचा धडा संपवून : “नेपोलियनचा अन् आपल्या नागपूरचा काही संबंध होता का?” शेजारी बसलेली मोठी माणसे खदखदून हसली. हसणाऱ्यांत आम्हीही होतो.

आमच्या शिक्षणपद्धतीत प्रश्न विचारण्याचा हक्क प्रश्नपत्रिका काढणाऱ्याकडे असतो, विद्यार्थ्याकडे उत्तर देण्याचे काम असते. उत्तरे बाजारात मिळतात, तीही छापील. ज्याने आयुष्यात कधी स्वतःचा प्रश्न विचारला नाही त्याला पंधरा वर्षांनी पंगतीत एकदम प्रश्न सुचतो, तेव्हा तो थोडा वेडावाकडा निघाला तर त्यात नवल ते काय? याच शहरात एका मोठ्या माणसाने लोकांच्या कुतूहलाला कसे वागविले होते हे आठवून पाहावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी प्रथम हाती घेतला तो लोक एकमेकांना विचारीत असलेला प्रश्न : यासाठी नागपूरच का? राष्ट्रीय स्वयंसेवक संघ येथे आहे म्हणून हे ठिकाण निवडले असावे, हा तर्क त्यांनी स्पष्टपणे नाकारला. आणि प्राचीन नाग लोकांचा व बौद्ध धम्माच्या प्रसाराचा संबंध सांगत, येथल्या नाग नदीचा उल्लेख करीत, त्यांनी आपले उत्तर लाखोंच्या समुदायापुढे मांडले. इतक्या मोठ्या प्रसंगी इतक्या साध्या पृच्छेला त्यांनी आपला वेळ दिला. आम्ही एका तासिकेतली पाच मिनिटे देऊ शकलो नाही.

आता त्या व्हिएतनामकडे वळू. ही कथा आपल्याकडे अनेक वर्षे फिरते आहे, पूर्वी भाषणांतून, आता मोबाईलवरून. तिची अनेक रूपे आहेत. कधी हो चि मिन्ह यांच्या तोंडी महाराजांची स्तुती घातलेली असते, कधी त्या देशाचा कोणी मंत्री भारतात येऊन रायगडाची माती कपाळाला लावतो. कोणत्याही रूपाबरोबर साल, कागद, वृत्तपत्राचा अंक यांपैकी काहीही येत नाही. व्हिएतनामी लोकांचा स्वतःचा इतिहास पाहिला तर ही कथा रचणाऱ्याने त्यांच्याकडे एकदाही वळून पाहिलेले नाही हे लक्षात येते. १२८८ मध्ये चान हुंग दाओ याने बाक् दांग नदीत मोंगलांचे आरमार बुडविले. लेलोई याने १४१८ ते १४२७ अशी दहा वर्षे डोंगरांच्या आश्रयाने लढून चिनी मिंग सत्तेला बाहेर काढले. ज्यांच्या घरी असे पूर्वज आहेत त्यांना आपल्याकडून उसने घेण्याची गरज काय होती?

परंतु तुलना चुकीची नाही. चिमूटभर लोकांनी डोंगरदऱ्यांच्या बळावर बलाढ्य सैन्याला कसे जेरीस आणावे, हा प्रश्न सह्याद्रीत आणि व्हिएतनामच्या रानांत सारखाच उभा राहिला, आणि दोन्हीकडच्या माणसांनी तो आपापल्या बुद्धीने सोडविला. महाराजांचे मोठेपण त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. कोणी परदेशी मंत्र्याने मान डोलावल्याशिवाय आपला नायक आपल्यालाच मोठा वाटू नये, ही भावना मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. ती ज्यांनी आपल्याला हरविले त्यांच्याच शाळेत आपण शिकलो, असे आम्हांला वाटते.

आणि गंमत अशी की इंग्रजीत आणि आता मराठीतही जो ‘गोरिला युद्ध’ हा शब्द रूढ झाला आहे, त्याचा माग काढीत गेलो तर आपण त्या दहावीतल्या मुलाच्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. हा शब्द मूळ स्पॅनिश, अर्थ ‘छोटे युद्ध’. १८०८ ते १८१४ या काळात नेपोलियनच्या फौजांना स्पेनमधल्या गावकऱ्यांच्या टोळ्यांनी हैराण केले आणि त्या वेळी तो युरोपभर झाला. त्या युद्धात स्पॅनिशांच्या मदतीला आलेला इंग्रज सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला नेपोलियनचा अखेरचा पराभव केला तो यानेच. हा वेलस्ली स्पेनला जाण्यापूर्वी कोठे होता? आपल्याकडे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, त्याची गाठ दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांच्या एकत्रित सैन्याशी पडली. इंग्रज जिंकले, परंतु लहानशा फौजेतले दीड हजारांहून अधिक सैनिक मारले गेले वा जखमी झाले. त्यानंतर २९ नोव्हेंबरला अकोल्याकडचे अडगाव. मग १५ डिसेंबरला गाविलगड, ज्याच्या तटावर उभे राहून आपले विद्यार्थी चिखलदऱ्याच्या सहलीत छायाचित्रे काढतात. गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला, आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहात नागपूरकरांनी कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गमावला. तुमच्या सैनिकी आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असे म्हाताऱ्या वेलिंग्टनला कोणी विचारले तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले, असा किस्सा त्याच्या चरित्रांत येतो. किस्सा आहे म्हणून थोडा सोडून देऊ; तारखा आणि तह तर कागदावर आहेत. तेव्हा नेपोलियनचा नागपूरशी संबंध होता का? दोघांनाही हरविणारा माणूस एकच होता. ज्या प्रश्नावर आम्ही हसलो त्याचे उत्तर आमच्या हसण्यापेक्षा फार चांगले होते, आणि ते मिळवायला आम्हांला ग्रंथालयात एक दुपार पुरली.

शब्दांविषयीच्या प्रश्नांना तरी आमच्याकडे उत्तर हवे. ते आमचे क्षेत्र आहे. पु. ना. ओक (१९१७–२००७) यांनी आयुष्यभर असे दावे केले की जगातील बहुतेक सर्व संस्कृती मूळच्या वैदिक असून त्यांची नावे त्याची साक्ष देतात : व्हॅटिकन ही वाटिका, ख्रिश्चॅनिटी ही कृष्णनीती, अब्राहम म्हणजे ब्रह्मा. ताजमहालाविषयीची त्यांची याचिका २००० साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, तरी त्यांचे वाचक घटले नाहीत. विद्वानांनी त्यांची टवाळी केली आणि ते मोकळे झाले. आमचे म्हणणे असे की टवाळीने वाचकाला काय कळले? व्हॅटिकन हे रोममधील एका टेकडीचे नाव ख्रिस्ताच्या जन्माआधीपासून लॅटिनमध्ये होते, ‘ख्रिस्त’ हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा आहे, हे सांगायला दोन वाक्ये लागतात. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणजे ते एका कुळातले ठरत नाहीत. मधली प्रत्येक पायरी, कोणत्या भाषेत, कोणत्या शतकात, कोणत्या ध्वनिबदलाने, हे दाखवावे लागते. हे भाषाशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आहे. तो धडा आम्ही परीक्षेपुरता शिकवितो आणि विद्यार्थी परीक्षेपुरता शिकतो. बाहेर पडल्यावर वाटिका त्याची वाट पाहत असतेच.

जी पायरीपायरीने दाखविता येते अशी गोष्ट याहून कमी रंजक असती तर ओकांचे वाचक आम्ही समजून घेतले असते. नागपुरात राहणाऱ्याने फळांच्या गाड्यापाशी क्षणभर थांबावे. संस्कृतातला ‘नारंग’ (तोही बहुधा द्राविडी भाषांतून आलेला) फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, स्पॅनिशमध्ये ‘नारांजा’ होत फ्रेंच आणि इंग्रजीत गेला, जाताना पहिला ‘न’ गळाला आणि उरला ‘ऑरेंज’. येथे प्रत्येक मुक्कामाचा पुरावा आहे. आपल्या दारचा शब्द जगभर फिरल्याचा आनंद हवा असेल तर तो येथे निर्भेळ मिळतो. शेजारच्या ढिगातले ‘मोसंबे’ उलट्या दिशेने आले आहे; त्याच्या नावात आफ्रिकेतला मोझांबिक आहे. ‘बटाटा’ पोर्तुगीजांनी आणला, पण त्यांनी तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून उचलला होता. आणि मिरची, जिच्यावाचून सावजी रस्सा म्हणजे काय याची कल्पनाही करवत नाही, ती कोलंबसाच्या आधी आशियात कोणी चाखलीच नव्हती.

मग ‘संत्रे’? येथे आम्ही स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहोत. संत्रे हे नाव पोर्तुगालमधल्या सिंत्रा या गावावरून आले, असे आम्ही कित्येक वर्षे वर्गात छातीठोकपणे सांगत आलो. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या प्रसिद्ध कोशातही तशी शक्यता नोंदलेली आहे. पुढे लक्षात आले की सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला बाबर आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या फळांमध्ये ‘संगतरा’ मोजतो. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. पोर्तुगालच्या एका गावाचे नाव तीसेक वर्षांत समुद्रावरून उत्तर हिंदुस्थानात पोहोचावे, फळाला चिकटावे आणि फारसी वळणाचे होऊन बादशहाच्या लेखणीत यावे, हे घडणे कठीण दिसते. म्हणजे ओकांच्या वाटिकेला हसणारे आम्ही स्वतः एका सिंत्र्याच्या बागेत सुखाने बसलो होतो. फरक एवढाच की आमची व्युत्पत्ती इंग्रजांच्या कोशातली होती, म्हणून तिच्याविषयी कधी शंका आली नाही.

मागच्याच वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये, नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची तलवार लंडनच्या सोदबीज या लिलावगृहात विक्रीला आली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना विकत घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. शहरात आनंद झाला, तो आम्हांलाही झाला. त्या दिवसांत आम्हांला जो तो विचारीत होता की तलवार लंडनला गेलीच कशी. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत ती गेली असावी, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. परंतु एका विद्यार्थ्याने वर्तमानपत्रातला मजकूर नीट वाचला होता. तो म्हणाला, “सर, पातं युरोपात बनलेलं आहे म्हणतात. मग ती आपली कशी?” वर्गातल्या काहींना हा प्रश्न पाखंडी वाटला, तसे चेहऱ्यांवर दिसले.

प्रश्न अचूक होता. या तलवारीचे सरळ पाते युरोपीय बनावटीचे, मूठ मराठी घडणीची, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरी लेख : रघुजींचे नाव, ‘सेनासाहेबसुभा’ ही त्यांची पदवी आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द. ‘फिरंग’ म्हणजे अशी तलवार. ज्यांच्याकडून पाती येत त्यांच्या नावावरून शस्त्राचे नाव पडले. मुळात हे ‘फ्रँक’ लोक. अरबांनी आणि इराण्यांनी सगळ्याच पश्चिमेकडच्या लोकांना ते नाव दिले, आपल्याकडे येता येता ‘फिरंगी’ म्हणजे विशेषेकरून पोर्तुगीज झाला, आणि ‘फिरंग’ मराठा सरदाराच्या कमरेला लटकू लागली. ज्या शब्दाचा आज आपण शिवीसारखा उपयोग करतो, तो रघुजींच्या तलवारीवर सोन्यात कोरलेला आहे. ती आपली कशी? ज्याने ती पेलली, जिच्यावर स्वतःचे नाव आपल्या लिपीत घातले, त्याची ती. चांगले पोलाद कोठे मिळते हे रघुजींना ठाऊक होते आणि ते घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आमच्या वर्गातल्या त्या काही चेहऱ्यांना तो का वाटावा, याचा विचार आम्ही अजून करीत आहोत.

आता पहिल्या प्रश्नाकडे, ज्याचे देणे सर्वांत जुने आहे. फुल्यांना अमेरिका जवळची का वाटली? अमेरिका त्यांच्यासाठी नकाशावरचे नाव नव्हती. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात लेखणी चालविणारा थॉमस पेन त्यांनी तरुणपणीच वाचला होता. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण तेव्हाच्या अहमदनगरला सिंथिया फरार या अमेरिकी मिशनरी बाईंकडे झाले, असे चरित्रकार नोंदवितात. गुलामांच्या मुक्तीची बातमी ज्या घरात पोहोचली त्या घराने अमेरिकी माणूस पाहिलेला होता. प्रश्नाचा उत्तरार्ध, आपल्या इकडे काय परिणाम झाला, हा तर खास आमच्या मातीतला. १८६१ साली यादवी युद्ध पेटले, लिंकनने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस तेथून, गुलामांच्या हातून, येत असे. तो थांबला आणि लँकेशायरची नजर वऱ्हाडावर आणि हिंगणघाटच्या पट्ट्यावर पडली. भाव चढले, कापसाखाली जमीन गेली, आणि १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला येऊन ठेपली. तोपर्यंत युद्ध संपून दोन वर्षे झाली होती आणि चढलेला भाव उतरलेला होता. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतली गुलामगिरी संपली. आपल्या शेतकऱ्याच्या गळ्यात मात्र जगाच्या बाजाराशी बांधणारा जो दोर त्या चार वर्षांत पडला तो सुटला नाही. दहा वर्षांच्या अंतराने त्याच फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, १८८३ साली.

एकाच युद्धाने एका मराठी ग्रंथाला अर्पणपत्रिका दिली आणि विदर्भाला कापूस. यांतली पहिली गोष्ट मराठीच्या तासाला, दुसरी अर्थशास्त्राच्या, युद्ध इतिहासाच्या. तिन्ही वर्ग आमच्या महाविद्यालयात एकाच मजल्यावर भरतात. त्यांच्यामधली भिंत त्या मुलीच्या प्रश्नाने एका क्षणात ओलांडली होती. आम्ही तिला ‘वैश्विक मानवतावाद’ देऊन परत आपल्या बाकावर बसविले.

गेल्या वर्षापासून आम्ही दोघांनी विभागाच्या टेबलावर एक जाड वही ठेवली आहे. ज्याला जो प्रश्न पडेल तो त्याने लिहावा, नाव घालण्याची सक्ती नाही. सुरुवातीला पाने कोरी राहिली, मग कोणीतरी परीक्षेच्या तारखा विचारल्या, मग हळूहळू खरे प्रश्न येऊ लागले. आम्ही दर शनिवारी त्यांतला एक घेतो. काहींना आम्हांला उत्तर सापडते, काहींसाठी इतिहासाच्या सहकाऱ्यांना चहा पाजावा लागतो. पुढच्या शनिवारी घ्यायचा प्रश्न निळ्या शाईत, थोड्या कच्च्या अक्षरात लिहिलेला आहे : ‘असईच्या लढाईत इंग्रजांकडून लढलेले बहुतेक शिपाई आपलेच होते ना? त्यांची नावे कुठे लिहिलेली आहेत का?’